फाटकी नळी की रिकामा रस्ता?
भोर-महाड रस्त्यालगत ठेवायच्या वाहनमोजणी यंत्राची खबर दूरवरून देणाऱ्या उपकरणाच्या आराखड्यात आजचा दिवस गेला. रस्त्यावर आडव्या टाकलेल्या रबरी नळीवरून चाक गेले की हवेच्या दाबाचा ठोका यंत्रापर्यंत पोहोचतो. पण नळी फाटली तरी आकडा शून्य आणि रात्री रस्ता ओस पडला तरी शून्यच, त्यामुळे शेजारच्या दोन नळ्यांच्या आकड्यांतील तफावत कळवणे मला निव्वळ बेरजेपेक्षा अधिक महत्त्वाचे वाटते. खरी डोकेदुखी विजेची आहे. जीएसएम मोडेम (मोबाइल नेटवर्कवरून संदेश पाठवणारा भाग) संदेश पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत प्रवाह ओढतो, म्हणून तो एरवी बंद ठेवून तासातून एकदाच जागा करायचे ठरले (अर्थात, घाटात रेंज मिळाली तर!). बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) मात्र प्रत्येक संदेशासोबत जाईल.