पेंग्विनच्या चोचीतला जवळा

अंटार्क्टिकाहून येऊन पंधरा दिवस झाले तरी कोळीवाड्यात कोणी भेटलं की पहिला प्रश्न तोच, थंडी किती होती गं? अहो जानेवारी म्हणजे तिकडचा उन्हाळा, शून्याच्या आसपास होतं. पण मला सांगायचंय ते वेगळंच.

अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरातून निघाल्यावर ड्रेक पॅसेज या खवळलेल्या समुद्राचे दोन दिवस बिछान्यात पडूनच काढले आणि मग एकदाचं अंटार्क्टिकाच्या काठावरचं नेको हार्बर आलं. तिथे नियम कडक, बूट जंतुनाशकात बुडवायचे, बर्ड फ्लूमुळे बर्फावर बसायचं नाही, पेंग्विनपासून 5 मीटर लांब राहायचं, आणि एका वेळी 100 च्या वर माणसं किनाऱ्यावर उतरवत नाहीत. आमची रबरी होडी काठाला लागायच्या आधीच वास आला आणि बाकीच्यांनी नाकाला मफलर लावले, मला मात्र थेट आपल्या ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात उभं असल्यासारखं वाटलं, उन्हात जवळा सुकत घातलाय असा वास!

जेंटू पेंग्विनची वस्ती होती ती, नारिंगी चोच आणि डोळ्यावर पांढरा पट्टा. सगळीकडे बर्फावर गुलाबी शिंतोडे, ती त्यांची शिट, क्रिल, म्हणजे तिकडच्या समुद्रातले कोळंबीसारखे छोटे जीव, ते खाऊन तसा रंग येतो. एक पेंग्विन समुद्रातून डुलत डुलत वर आला, आई की बाप ते कळत नाही, दोन राखाडी पिल्लं दगडांच्या घरट्यातून ओरडायला लागली आणि एकाने चोच सरळ त्याच्या घशातच घातली. भरवताना थोडं खाली सांडलं. मी दुर्बीण लावली तर गुलाबी लगदा आणि त्यात काळे काळे ठिपके, डोळे हो, जवळा निवडताना सुपात दिसतात ना अगदी तसेच. क्रिल जरा मोठं असतं, 6 सेंटीमीटरपर्यंत, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी डेकवरून दोन हंपबॅक देवमासे दिसले, ते पण क्रिलवरच जगतात. आणि नेको हे नाव देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजावरून पडलंय. दक्षिणेकडे हंपबॅक मारायला 1963 मध्ये बंदी आली म्हणून आज हे दिसतायत, त्यातला एक शेपटी वर उचलून पाण्यात गेला तेव्हा माझे डोळे भरून आले.

घरी आईला व्हिडिओ दाखवला. तिने चाळीस वर्षं मासे विकलेत, चष्मा लावून बघितलं आणि म्हणाली, "यो त जवलाच हाय!" मग विचारलं, तिथे पण बोटी जातात काय? जातात ना, मोठमोठ्या, तेलाच्या कॅप्सूलसाठी आणि माशांच्या खाद्यासाठी क्रिल धरतात. 6 लाख 20 हजार टनांची मर्यादा आहे, 2025 च्या हंगामात ती ऑगस्टमध्येच संपली आणि मासेमारी थांबवावी लागली. आपल्याकडे कशी जून-जुलै बंदी असते, तशी पिल्लं असताना नसते काय, हा तिचा पुढचा प्रश्न. नसते गं, म्हटलं, मी परत येताना बोटी होत्याच तिथे. ती काही बोलली नाही, पिल्लाचा व्हिडिओ तेवढा परत लावायला सांगितला.