बैल गेला, नियम केला

अमेरिकन फुटबॉलचा मोसम फेब्रुवारीत सुपर बोलने, म्हणजे अंतिम सामन्याने, संपतो, असं कॅलेंडर सांगतं. आमच्या इकडे, म्हणजे न्यू जर्सीच्या फिलाडेल्फियाकडच्या अंगाला, तो संपत नाही. फक्त मैदानावरून उठतो आणि लोकांच्या ड्राइव्हवेवर, ऑफिसातल्या कॉफी मशीनपाशी, सलूनच्या खुर्चीत येऊन बसतो. मार्च उजाडला की संघमालकांच्या बैठका सुरू होतात. ३२ संघ, ३२ मतं, आणि कुठलाही नियम बदलायचा तर त्यातली २४ हवीत. चाहत्यांना मताचा अधिकार नाही, त्यामुळे त्यांची मतं फार ठाम असतात.

मला या खेळाची गोडी खेळामुळे लागली नाही, या भांडणांमुळे लागली. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं, जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, एवढं मुलाने शिकवलं आणि उरलेलं मी त्याच्या ओरडण्यावरून ताडलं. पण ‘दॅट्स नॉट फेअर’ ऐकलं की माझे कान टवकारतात. का नाही फेअर, असं विचारावं, की उत्तराच्या तळाशी हटकून एक तारीख निघते, एक शहर निघतं आणि एक रेफरी निघतो, ज्याच्या नावाने त्या शहरात अजून बोटं मोडतात. नियमपुस्तक वाचायला सरकारी जीआरइतकं रूक्ष. पण कलम जरा खरवडलं की खाली कुणीतरी रडत बसलेलं असतं.

उदाहरणार्थ, बफेलो. कॅनडाच्या सीमेला टेकलेलं, बर्फात गाडलं जाणारं गाव. त्यांचा संघ, बिल्स, आजवर एकदाही सुपर बोल जिंकलेला नाही. नव्वदच्या दशकात सलग चार वेळा तिथवर पोचून चारही वेळा हरला. २३ जानेवारी २०२२ ला कॅन्सस सिटीत त्यांचा बाद फेरीचा सामना होता. शेवटच्या दोन मिनिटांत दोन्ही संघांनी मिळून २५ गुण केले. घड्याळात १३ सेकंद उरले असताना बिल्स ३६-३३ पुढे होते. तेरा सेकंदांत माणूस फार तर शिंकतो आणि सॉरी म्हणतो. कॅन्सस सिटीच्या चीफ्सनी तेवढ्यात दोन पास टाकून ४९ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे लाथेने चेंडू खांबांमधून धाडून तीन गुण घेतले, आणि बरोबरी केली.

मग ओव्हरटाइम, म्हणजे जादा वेळ. त्या वेळचा नियम असा की ज्याला चेंडू पहिल्यांदा मिळेल त्याने थेट टचडाउन केला, म्हणजे चेंडू समोरच्या गोलरेषेपार नेऊन सहा गुण घेतले, तर सामना तिथेच संपला. दुसऱ्याने टाळ्या वाजवायच्या. आणि चेंडू कुणाला पहिल्यांदा मिळणार, ते नाणं ठरवणार. बिल्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, जॉश ॲलन ‘टेल्स’ म्हणाला, नाणं ‘हेड्स’ पडलं. चीफ्सनी टचडाउन केला. ४२-३६. त्या रात्री ज्याला कुणीच अडवू शकत नव्हतं तो ॲलन ओव्हरटाइममध्ये चेंडूला हात न लावता घरी गेला.

त्यानंतर जो गदारोळ झाला तो अजून माझ्या कानात आहे. एक पक्ष म्हणायचा, एवढी चुरस झाल्यावर नाण्यावर निकाल? बाद फेरीत हा नियम असलेल्या १२ ओव्हरटाइमपैकी १० नाणेफेक जिंकणाऱ्याने जिंकल्या होत्या, हा आकडा तर शाळेतल्या पोरांना पाठ झाला. दुसरा पक्ष म्हणायचा, बचाव करणं हाही खेळच आहे ना? अडवायचं होतं. आणि मुळात १३ सेकंद सांभाळता येत नाहीत त्यांनी नाण्याला कशाला नावं ठेवायची? मला दोन्ही पटायचं. जो बोलत असेल त्याचं जास्त पटायचं. या सगळ्यात चीफ्सच्या काही चाहत्यांनी एक गोष्ट केली ती मात्र मला फार आवडली: बफेलोतल्या मुलांच्या हॉस्पिटलला त्यांनी प्रत्येकी १३ डॉलरच्या देणग्या धाडल्या. हा टोमणा की माया, ते ज्याने त्याने ठरवावं.

दोन महिन्यांत मालकांनी २९ विरुद्ध ३ मतांनी नियम बदलला: बाद फेरीच्या ओव्हरटाइममध्ये दोन्ही संघांना एकेकदा चेंडू मिळालाच पाहिजे. बैल गेला आणि झोपा केला, असं आपण म्हणतो ते हेच. फक्त झोपा बांधून झाल्यावर त्यात पहिला बैल कुणाचा बांधला गेला, ते ऐका.

त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. २० जानेवारी २०१९ च्या रविवारी उपांत्य फेरीचे दोन सामने होते आणि दोन्ही ओव्हरटाइममध्ये गेले. संध्याकाळच्या सामन्यात नाणं चीफ्सच्या विरुद्ध पडलं, न्यू इंग्लंडच्या पेट्रियट्सनी पहिल्याच चालीला टचडाउन केला आणि चीफ्सचा क्वार्टरबॅक मॅहोम्स कडेला उभा राहून बघत बसला. म्हणजे बफेलोचं दुःख कॅन्सस सिटीने तीन वर्षं आधीच भोगलं होतं. त्यांनी लगेच नियम बदलायचा प्रस्तावही दिला होता. तो पास झाला नाही. मग २०२२ मध्ये त्याच न बदललेल्या नियमाने त्यांना बफेलोविरुद्ध हात दिला. आणि बफेलोच्या अश्रूंवर आलेला नवा नियम सुपर बोलमध्ये पहिल्यांदा लागला तो ११ फेब्रुवारी २०२४ ला, लास व्हेगासमध्ये. तिथे सान फ्रान्सिस्कोच्या फोर्टीनाइनर्सनी नाणेफेक जिंकली, चेंडू आधी घेतला, फील्ड गोल करून तीन गुण मिळवले. जुन्या नियमातही फील्ड गोलने सामना संपला नसता, हे खरं. पण नव्या नियमात चेंडू दुसऱ्यांदा घेणाऱ्याला आपल्याला नेमकं किती हवंय ते कळतं, आणि ते कळून जो खेळतो तो चौथा प्रयत्नही वाया घालवत नाही. तो दुसरा संघ होता चीफ्स. २५-२२. सामन्यानंतर फोर्टीनाइनर्सचे काही खेळाडू म्हणाले की हा नवा नियम त्यांना ठाऊकच नव्हता. चीफ्सचे म्हणाले, आम्ही मोसमाच्या आधीपासून त्याची उजळणी करत होतो. एकदा ज्याचा बैल जातो, तो झोप्याचा कडीकोयंडा नीट बघून ठेवतो. बफेलोला या सगळ्यातून काय मिळालं? नियमाच्या इतिहासात एक तळटीप.

त्याच २०१९ च्या रविवारी दुपारचा सामना न्यू ऑर्लिन्सला होता. २०-२० अशी बरोबरी, दोनहून कमी मिनिटं बाकी, तिथल्या सेंट्स संघाचा टॉमीली लुइस पास घ्यायला वळला आणि चेंडू पोचायच्या आधीच प्रतिस्पर्धी रॅम्सच्या खेळाडूने त्याला उडवलं. अख्ख्या देशाने पाहिलं. रेफरींनी पाहिलं नाही. ज्याने धडक दिली त्यानेही नंतर कबूल केलं की आपण लवकर पोचलो. रॅम्स ओव्हरटाइममध्ये जिंकले. मग त्या शहराने जे केलं ते सुतक म्हणावं की उत्सव, मला कळत नाही. खटले दाखल झाले, त्यातला एक लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन तिथे निकालात निघाला. सुपर बोलच्या दिवशी लोकांनी तो न बघता रस्त्यावर बँड लावून मेजवान्या केल्या. दुसऱ्या दिवशी तिथल्या वर्तमानपत्राचं पहिलं पान जवळजवळ कोरं होतं. कसला सुपर बोल, एवढाच त्याचा आशय. रुसावं तर असं.

त्या रुसव्यातूनही नियम आला. अशी धडक दिली किंवा दिली नाही, हे व्हिडिओत बघून ठरवता येईल, असा तो एका वर्षापुरता नियम. वर्षभर प्रशिक्षक निर्णय तपासा म्हणून लाल रुमाल फेकत राहिले आणि पडद्यावर पाहूनही बहुतेक वेळा मूळ निर्णयच कायम राहिला. जानेवारी २०२० मध्ये सेंट्स पुन्हा बाद फेरीत, पुन्हा ओव्हरटाइम, मिनेसोटाच्या खेळाडूने बचाव करणाऱ्याला हाताने ढकलून विजयी टचडाउन पकडला, असं न्यू ऑर्लिन्सचं म्हणणं. व्हिडिओ पाहिला गेला. निर्णय बदलला नाही. ज्यांच्यासाठी नियम केला त्यांच्याच दारात तो असा कुचकामी ठरला आणि मोसम संपल्यावर कुणी त्याचं श्राद्धही घातलं नाही. सेंट्सचे चाहते एक गोष्ट मात्र सहसा सांगत नाहीत: २०१९ च्या त्या ओव्हरटाइममध्ये नाणेफेक त्यांनी जिंकली होती, चेंडू आधी त्यांच्याकडेच होता, आणि तो त्यांनी प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. आठवणींनाही बाजू असते.

आमच्या घरी हे सगळं ऐकून माझा नवरा हसतो. तो क्रिकेटवाला. ‘लॉर्ड्स,’ एवढंच म्हणतो. १४ जुलै २०१९. न्यूझीलंड आणि इंग्लंड, दोघांच्या २४१ धावा, सुपर ओव्हरमध्ये दोघांच्या पंधरा, आणि जगज्जेता ठरला तो चौकार-षटकार मोजून. तीन महिन्यांत आयसीसीने तो नियम काढून टाकला. ‘काढला ना? मग विल्यमसनला कप कुरियरने पाठवला का?’ हा त्याचा ठरलेला प्रश्न. त्याला उत्तर नाही, आणि चहा त्याने स्वतः करायचा असल्याने विषय तिथे थांबतो.

खरं तर नाण्याचा प्रश्न सोडवणारा एक देखणा प्रस्ताव २०२१ मध्ये बाल्टिमोरच्या रेव्हन्सनी आणला होता. ओव्हरटाइम मैदानात कुठून सुरू करायचा ते एका संघाने ठरवायचं, आणि तिथून चेंडू घ्यायचा की बचाव करायचा ते दुसऱ्याने. आमच्याकडे आई एका भावंडाला बर्फी कापायला सांगायची आणि दुसऱ्याला आधी उचलायला, तसंच. कापणारा सूतभरही इकडेतिकडे करत नसे. यापेक्षा न्याय्य काही मला तरी सुचत नाही. मालकांनी तो नाकारला. मला वाटतं, फार शहाणा होता म्हणून. त्यात कुणाला दोष देता आला नसता. स्वतःच कापलेली वडी कमी पडली म्हणून कुणावर डाफरणार?

आता आमच्या दारातली गोष्ट, आणि इथे मी निःपक्षपाती नाही हे आधीच सांगते. फिलाडेल्फियाच्या ईगल्सची एक खेळी आहे, तिला सगळे ‘टश पुश’ म्हणतात. एखादा यार्ड हवा असला की क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स चेंडू घेऊन समोरच्या गर्दीत घुसतो आणि मागून सहकारी त्याला ढकलतात. एवढंच. मोठ्या देखण्या खेळातली ही अगदी लोकलमध्ये चढतानाची युक्ती. मागून ढकलायला पूर्वी बंदी होती, ती २००५ मध्ये उठली. बरीच वर्षं कुणाला त्याचं काही सुचलं नाही. ईगल्सना सुचलं, आणि त्यांच्याकडे सहाशे पौंड खांद्यावर घेऊन उठबशा काढणारा क्वार्टरबॅक होता.

जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनविरुद्ध गोलरेषेशी हीच खेळी चालली होती. वॉशिंग्टनचा फ्रँकी लुवू चेंडू सुटायच्या आधीच पुनःपुन्हा गर्दीवरून उडी मारून पलीकडे जाई. दंड तरी किती लागणार, गोलरेषा हातभर अंतरावर असताना? शेवटी रेफरीने माइकवर जाहीर केलं, पुन्हा असं झालं तर मी ईगल्सना गुण देऊन टाकू शकतो. स्टेडियममध्ये क्षणभर कुणालाच कळेना. उघडउघड अन्याय्य कृतीसाठी हवी ती भरपाई द्यायचा अधिकार रेफरीला पुस्तकात आहे, पण तो वापरायची वेळ जवळजवळ येतच नाही. कॉलेज फुटबॉलमध्ये मात्र १ जानेवारी १९५४ ला अलाबामाचा एक खेळाडू राखीव बाकावरून उठून सरळ मैदानात धावत आला आणि राइसच्या धावत्या खेळाडूला त्याने आडवं केलं. रेफरीने टचडाउन बहाल केला. त्या बाकावरच्या वीराचं नाव टॉमी लुइस. न्यू ऑर्लिन्सचा टॉमीली लुइस आठवतोय ना? एका लुइसने धडक दिली आणि न्याय झाला, दुसऱ्याला धडक बसली आणि झाला नाही.

त्या वसंतात ग्रीन बेच्या पॅकर्सनी टश पुशवर बंदी घालायचा प्रस्ताव आणला. कारणं दिली सुरक्षिततेची आणि खेळाच्या गतीची. पॅकर्स हा या लीगमधला एकमेव संघ ज्याचा मालक कुणी धनाढ्य नाही. पाच लाखांहून अधिक लोकांकडे त्याचे शेअर आहेत, ज्यांवर लाभांश मिळत नाही आणि जे विकताही येत नाहीत. म्हणजे चाहतेच मालक. त्यामुळे आमच्या शेजाऱ्यांचा संताप दुप्पट: निदान तुम्ही तरी! ‘अडवता येत नाही म्हणून बंदी?’ हे वाक्य त्या वसंतात मी किराणा दुकानात, बँकेत आणि दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून ऐकलं. ईगल्समधून निवृत्त झालेला खेळाडू जेसन केल्सी मिनेसोटातल्या बैठकीला खेळीची बाजू मांडायला गेला. मतदान झालं. बंदीच्या बाजूने २२, विरुद्ध १०. दोन मतं कमी पडली. आणि त्याच वर्षी जानेवारीत बाद फेरीत ईगल्सनी पॅकर्सना हरवलं होतं, त्याचा स्कोअर? २२-१०. असं मी रचून लिहिलं असतं तर संपादकांनी परत पाठवलं असतं.

त्याच वर्षी ईगल्सचा स्वतःचाही एक प्रस्ताव होता: साखळी सामन्यांतही ओव्हरटाइमला दोन्ही संघांना चेंडू मिळावा, आणि वेळ १५ मिनिटं असावी. मालकांनी पहिला भाग घेतला आणि वेळ मात्र पूर्वीचीच १० मिनिटं ठेवली. टेक्सासमध्ये २८ सप्टेंबरच्या रात्री त्या नियमाखाली डॅलसच्या काउबॉइजनी आधी चेंडू घेऊन फील्ड गोल केला, पॅकर्सनी शेवटच्या क्षणी फील्ड गोल केला, आणि वेळ संपली. ४०-४०. कुणीच जिंकलं नाही. डॅलस म्हणजे आमच्या घराण्याचं जुनं वैर, आणि पॅकर्स म्हणजे ते बंदीवाले. मध्यरात्रीच्या सुमाराला कॉलेजातून मुलाचा फोन आला. मी घाबरून उचलला. ‘आई,’ तो म्हणाला, ‘हा नियम एकदम फेअर आहे. आता याला कुणी हात लावायचा नाही.’