अक्कलदाढ

परवा अक्कलदाढ काढली. बायको म्हणाली, "होती तेवढीही गेली." डॉक्टरांनी दाढ कापसात गुंडाळून हातात दिली होती. ती टेबलावर ठेवली आणि अर्धा जबडा बधिर असताना शहाणपणावरच वाचत बसलो. दुसरं काही चावता येत नव्हतं.

आधी तेराव्या शतकातला डॉमिनिकन पंथाचा ख्रिस्ती साधू थॉमस अक्वायनस. लॅटिनमध्ये शहाणपणाला 'सापिएन्तिया' म्हणतात. त्या शब्दात 'सापोर', म्हणजे चव, आहे असं तेव्हाचे विद्वान सांगत. थॉमस म्हणतो, योग्य काय ते दोन तऱ्हांनी कळतं. नीतिशास्त्र शिकलेला विचार करून सांगतो, पण ज्याच्या अंगात तो गुण मुरलाय त्याला ते आपसूक कळतं. मला आईच आठवली. ती आमटी कधी चाखून बघायची नाही, तिच्या हाताला मीठ कळायचं. देवाच्या बाबतीत मात्र हे मुरणं प्रेमातून येतं आणि ती पवित्र आत्म्याची देणगी असते, असं त्याचं म्हणणं.

मग आठव्या शतकातला नालंदाचा बौद्ध भिक्षू शांतिदेव. बौद्धही प्रज्ञेच्या पायऱ्या सांगतात: ऐकलेली, विचारानं पारखलेली, साधनेनं मुरलेली. इथवर दोघांचं जमतं. पण आपल्या 'बोधिचर्यावतार' या ग्रंथाच्या नवव्या प्रकरणात हा गृहस्थ म्हणतो, 'दन्तकेशनखा नाहम्'. दात मी नाही, केस नाही, नखं नाही, हाडं नाही, रक्त नाही. यादी पार शेंबडापर्यंत जाते. चवीचं राहू दे, आधी चाखणारा दाखव! मी टेबलावरच्या दाढेकडे पाहिलं. सकाळपर्यंत ती 'माझ्यात' होती.

'सगळे शेवटी एकच सांगतात' म्हणणाऱ्यांशी म्हणून माझं जमत नाही. ६ डिसेंबर १२७३ रोजी चर्चमधल्या मिस्सा या उपासनेनंतर थॉमसनं लेखणी खाली ठेवली. सोबती रेजिनाल्डनं आग्रह केला, तर म्हणाला, जे दिसलं त्यापुढे माझं सगळं लिखाण म्हणजे पेंढा. मोठा ग्रंथ अर्धाच राहिला. शांतिदेवाची तर दंतकथाच आहे (हो, दंत). भावही नाही, अभावही नाही, या श्लोकाशी आला आणि तो हवेत वर वर जात दिसेनासा झाला. पठण मात्र खाली ऐकू येत राहिलं. एकाचे शब्द संपले, दुसऱ्याचा बोलणाराच.

संध्याकाळी भूल उतरली. बायकोनं मऊ भात वाढला. चव लागली ती नेमकी कुणाला, हे शांतिदेवाला विचारायच्या आत मी बोलूनही गेलो होतो, "मीठ जास्त झालंय गं."