तुम्ही विचारलंत म्हणून: छतावर उलटा चालणारा कोळी बादलीतून वर का येत नाही?

बेळगाव-खानापूर भागात पावसाळा लागला की हा प्रश्न हमखास येतो. कोळी भिंत चढतो, छताला उलटा चालतो, मग न्हाणीतल्या बादलीत पडला की तळाशीच का घिरट्या घालतो?

कारण हे दोन कोळी वेगळे. बादलीत अडकतो तो बहुधा काडीसारख्या लांब पायांचा, कोपऱ्यात विस्कटलेलं जाळं करणारा. त्याच्या पायाच्या टोकाला तीन नख्या असतात. मधली नखी धागा धरण्यासाठी. जांभ्याच्या खडबडीत भिंतीवर या नख्या अडकतात, गुळगुळीत प्लास्टिकवर अडकायला काहीच नसतं. रात्री झुरळामागं धावणारा तळहाताएवढा चपटा कोळी मात्र दोनच नख्यांचा, आणि त्या नख्यांखाली केसांचा दाट झुबका. कोरड्या बादलीतून तो आरामात बाहेर येतो.

त्या झुबक्याची खरी गंमत सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. प्रत्येक केसाच्या खालच्या अंगाला आणखी बारीक केसांची लव असते आणि त्या लवेतल्या प्रत्येक तंतूचं टोक पातळ, त्रिकोणी पात्यासारखं पसरट. त्यात डिंक नाही, चिकट द्रवही नाही. पातं पृष्ठभागाच्या इतकं जवळ जातं की रेणूंमधली व्हान डर वाल्स ओढ पुरेशी होते. एव्हार्का आर्क्युआटा या उडी मारणाऱ्या युरोपीय कोळ्याच्या आठ पायांवर मिळून अशी सुमारे 6 लाख 24 हजार टोकं मोजली गेली आहेत; सगळी एकदम टेकली तर हिशेबानं वजनाच्या सुमारे 160 पट भार पेलेल. मग पाय सुटतो कसा? टोकं एका दिशेनं ताणली की धरतात, कोन बदलला की चिकटपट्टीसारखी एका कडेनं सुटत जातात.

ही पकड फसतेही. धुळीनं टोकं भरली की भिंतीशी भेटच होत नाही. सगळ्यात वाईट पृष्ठभाग म्हणजे साधारण 0.3 ते 1 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खडबडीचा: त्या उंचवट्यांवर पातं पुरतं टेकत नाही आणि नखीला ते फार बारीक पडतात. झिजलेले केस कात टाकल्यावर नवे मिळतात.

स्वतः बघायचं असेल तर काचेची रुंद तोंडाची बरणी साबणानं धुऊन पूर्ण वाळवा. त्या चपट्या कोळ्यावर पालथी घाला, खालून जाड कागद सरकवा आणि हळूहळू आडवी करा. काचेवर टेकलेला पाय बाहेरून दहापट भिंगानं पाहिला तर टोकाशी गडद ब्रश दिसेल. दहा मिनिटांत सोडून द्या.

उत्क्रांतीत हे केस एकदाच आलेले नाहीत. कोळ्यांच्या वेगवेगळ्या घराण्यांत ते स्वतंत्रपणे आले, आणि बहुतेकदा जाळं सुटलं तिथंच. जाळ्याविना भक्ष्य धरायचं तर पायांनाच पकड हवी. कितीतरी शिकारी कोळ्यांच्या पुढच्या पायांवर तळभर केस आहेत ते त्यासाठीच. पण नियम सरळसोट नाही. निपाणीकडच्या शेतात जमिनीवर धावणारे लांडगा कोळी जाळं विणत नाहीत, शिकारच करतात, तरी त्यांना नख्या तीनच, आणि बहुतेकांना उभी काच चढता येत नाही.

बादलीत पुन्हा कोळी दिसला तर कोरड्या टॉवेलचं टोक आत लोंबतं सोडा. तीन नख्यांना तेवढा आधार पुरतो.