एकशे ऐंशी काडतुसं परत उघडताना

नवीन पिस्तूल घरी आलं त्या दिवशी मी जरा जास्तच खुशीत होतो, कारण कपाटात १८० काडतुसं तयार होती, सगळी माझ्या हातची भरलेली, जुन्या पिस्तुलात त्यातलं एकही कधी अडकलं नव्हतं. आणि नवीनसुद्धा नऊ एमएमच की! म्हटलं रविवारी सरळ रेंजवर जायचं. शनिवारी रात्री सहज, खरंच सहज, नळी बाहेर काढली आणि एक काडतूस वरून आत सोडलं. जुन्या नळीत "टुक" असा आवाज येऊन ते तळाला बसायचं आणि नळी उलटी केली की आपसूक हातात पडायचं. इथे आवाजच नाही. मागून जवळजवळ एक मिलिमीटर वर राहिलं, आणि उलटं केलं तर पडेना. नखाने ओढून काढावं लागलं.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट. घरी काडतुसं भरणं हे बऱ्याच ठिकाणी पिस्तुलाचं लायसन्स असलं तरी चालत नाही, त्याला वेगळी परवानगी लागते किंवा ती मिळतच नाही. तुमच्याकडे काय कायदा आहे ते आधी बघा. आणि मी इथे पावडर किती टाकायची याचा एकही आकडा देणार नाहीये, तो पावडर बनवणाऱ्याच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचा, कुणा मित्राकडून किंवा इंटरनेटवरून उचलायचा नाही.

तर काडतूस अडकतंय. कुठे अडकतंय ते कसं कळणार? याला एक साधी युक्ती आहे, काळा मार्कर घ्यायचा, गोळी आणि पुंगळी (म्हणजे पावडर भरलेलं मागचं नळकांडं) दोन्ही रंगवून टाकायची, नळीत घालून थोडं फिरवायचं आणि बाहेर काढून बघायचं की रंग कुठला खरवडला गेलाय. पुंगळीच्या तोंडाशी गेला असेल तर तोंड नीट आवळलेलं नाही. बुडाजवळ गेला असेल तर पुंगळी मापात आणताना नीट आवळलीच गेली नाही. माझा रंग गेला होता गोळीवर, पुंगळीच्या थोडा वर, आणि तिथे बारीक बारीक समान अंतरावरचे ओरखडे. म्हणजे गोळी थेट रायफलिंगला, नळीच्या आतल्या पिळदार खाचांना, जाऊन टेकत होती. तरी खात्री म्हणून कॅलिपर लावला, तोंडाशी ९.६० मिलिमीटर, एकदम व्यवस्थित. दोष भरण्याचा नव्हता, लांबीचा होता.

आता गंमत अशी की लांबीही चुकीची नव्हती. नऊ एमएमच्या काडतुसाची एकूण लांबी जास्तीत जास्त २९.६९ मिलिमीटर असू शकते आणि माझी २८.९ होती, म्हणजे कागदावर पास. पण प्रत्येक नळीत रायफलिंग कुठून सुरू होतं ते सारखं नसतं, आणि गोळीचा आकारही सारखा नसतो, निमुळत्या नाकाची गोळी सुटून जाते तिथे माझी ही जाड खांद्याची बसत नाही. जुन्या नळीत पुढे ऐसपैस जागा होती, हिच्यात नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, पुस्तकात वाचलेलं होतं, पण वाचलेलं आणि डोक्यात शिरलेलं यात फरक असतो ना.

"रेंजवर जाऊनच बघू, बसलं तर बसलं" असं केलं असतं तर काय झालं असतं? स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण बंद झाली नसती. मग मी ती मागे ओढली असती, गोळी रायफलिंगमध्येच रुतून राहिली असती, पुंगळी एकटी बाहेर आली असती आणि आतली सगळी पावडर पिस्तुलाच्या पोटात. म्हणजे रविवार तिथेच संपला असता.

मग डोक्यात आलेला पहिला विचार अगदी आळशी माणसाचा, की सगळी काडतुसं परत प्रेसमध्ये, म्हणजे भरायच्या यंत्रात, घालू आणि गोळी थोडी आणखी आत ढकलू. मिलिमीटरभराचा तर प्रश्न आहे. इथेच थांबायचं असतं. नऊ एमएमची पुंगळी आधीच इवलीशी, १९.१५ मिलिमीटर लांब, त्यात गोळीचं बूड बसलेलं, पावडरला उरलेली जागा ती किती. ती जागा कमी केली की तेवढीच पावडर जास्त दाब तयार करते, आणि वाढही जागेच्या हिशेबात सरळ होत नाही, झपकन होते. युरोपातल्या मानकात या काडतुसाची मर्यादा २३५० बार आहे. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, म्हणजे टायरच्या साधारण हजारपट, तेही तळहातापासून वीतभर अंतरावर. तेव्हा लांबी कमी केली की पावडरही नव्याने, तक्त्यातल्या सुरुवातीच्या आकड्यापासून, हा नियम आहे आणि तो मोडायचा नाही.

थोडक्यात, एकशे ऐंशीच्या एकशे ऐंशी उघडायची.

उघडायला एक प्लास्टिकचा हातोडा मिळतो, पोकळ. काडतूस त्यात उलटं लटकवायचं, कडक जागेवर दणका द्यायचा, पुंगळी जागीच राहते आणि गोळी पावडरसकट हातोड्याच्या पोटात पडते. ऐकायला मस्त वाटतं. मी फरशीवर आपटायला लागलो, ठाक, ठाक, ठाक, एकेका काडतुसाला तीन-चार दणके, कारण मी तोंडं इमानदारीत आवळलेली. अकरा वाजता बायको दारात. "अरे काय फोडतोयस?" म्हटलं स्वतःच भरलेली उघडतोय. ती दोन मिनिटं बघत उभी राहिली, मग म्हणाली, "आधी एकच करून बघायचं ना," आणि झोपायला गेली. आता याला काय उत्तर देणार!

त्या रात्री ४० झाली. उरलेली चार दिवस, रोज संध्याकाळी थोडी थोडी. निघालेली पावडर टाकून दिली, परत मूळ डब्यात ओतली नाही, त्यात कचरा मिसळलेला असतो. गोळ्या वाचल्या. पुंगळ्यांमधले प्रायमर, म्हणजे बुडातल्या पावडर पेटवणाऱ्या टोप्या, मी काढले नाहीत, जिवंत प्रायमर ढकलून काढण्यापेक्षा डायमधली (पुंगळी आवळून मापात आणणाऱ्या साच्यातली) प्रायमर ढकलणारी मधली पिन काढून ठेवली आणि पुंगळ्या तशाच एकदा डायमधून आवळून घेतल्या, सावकाश, चष्मा लावून. हे आवळणं लागतंच, कारण गोळी ओढून काढली की तोंड सैल पडतं आणि मग नवीन गोळी घट्ट बसत नाही, आणि सैल गोळी मॅगझिनमधून वर चढताना आत सरकली की परत तोच दाबाचा खेळ. मी प्रत्येक तयार काडतूस टेबलाच्या कडेला अंगठ्याने जोर लावून दाबून बघतो. हललं की बाद.

वजनाचं एक सांगायचं राहिलं. पावडर ग्रेनमध्ये मोजतात, एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, मूळ माप जवाच्या दाण्यावरून आलेलं. जवाच्या दहाव्या हिश्शाने फरक पडतो असलं हे काम, पंखा चालू असेल तर काटा नाचतो, म्हणून मी उन्हाळ्यात घाम गाळत बसतो. पण खरी भीती कमी-जास्त दशांशाची नाही, एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडण्याची आहे, कारण माझी पावडर इतकी कमी जागा घेते की दुप्पट टाकली तरी बाहेर सांडत नाही. आणि अजिबातच पडली नाही तर नुसत्या प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत मध्येच अडकते, आवाज "फट्" असा पोचट येतो, आणि त्यानंतर दुसरी झाडली की नळी फुगलीच समजा. म्हणून ५० पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करायच्या, टॉर्च मारायचा आणि प्रत्येकीत डोकावायचं. त्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत. हे मात्र मी पहिल्या दिवसापासून पाळलंय.

यावेळी आधी पावडर आणि प्रायमर नसलेलं एकच खोटं काडतूस बनवलं. २८.६ ला टेकलं. २८.४ ला बसलं पण फिरवताना किंचित घासलं. २८.१ ला "टुक", आणि उलटं केल्यावर पडलं. माझ्या नळीत माझ्या या गोळीपुरता हा आकडा, तुमचा वेगळा येणार. मग तक्त्यातल्या सर्वात कमी आकड्याने फक्त दहा भरली.

रेंजवर दहाच्या दहा झाडली. आठव्याला पुंगळी जेमतेम बाहेर पडली, माझ्या बुटाशीच, म्हणजे पावडरचा भार अजून थोडा हलका आहे. नेम बरा होता, फार चांगला म्हणणार नाही. नऊ पुंगळ्या सापडल्या, दहावी गवतात शोधत पंधरा मिनिटं ओणवा फिरलो, शेवटी शर्टाच्या कॉलरमध्ये निघाली.