तुम्ही विचारलंत म्हणून : तीन सूत आणि दहा एमएम

पावसाळी मासेमारीबंदीच्या दिवसांत बोटी वर ओढल्या की माझ्या लेथवर गर्दी होते, आणि दर वर्षी कुणी ना कुणी विचारतंच, "तीन सुताचे बोल्ट मागितले तर आधी जुनो बोल्ट कित्याक मागतस? दहाचे दी मगे, एकच ता." हातात काम असतं म्हणून मी हसून वेळ मारून नेतो. आज एकदाचं सांगून टाकतो.

एकच नाही ते. इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर. १९५९ साली इंचवाल्या देशांनी मिळून तसं ठरवून टाकलं, तेव्हा त्यात आता घासाघीस नाही. इंचाची सुतं आठ. म्हणजे एक सूत ३.१७५ आणि तीन सूत ९.५२५. दहाला अर्धा मिलिमीटरही कमी नाही, हे मलाही दिसतं. स्लॅबची सळी घेताना दुकानदार दहाला तीन सूत म्हणतो, बाराला चार, सोळाला पाच, आणि कुणाचं काही बिघडत नाही. सळीला नट लावायचा नसतो. (पाइपाचं तर विचारूच नका. अर्धा इंची जीआय पाइप आतून मोजा, बाहेरून मोजा, अर्धा इंच कुठेच सापडत नाही; बाहेरून तो एकवीस मिलिमीटरच्या वर भरतो.)

बोल्टाचं दुखणं जाडीत नाही, आट्यांत आहे. तीन सुताच्या जुन्या इंची बोल्टाला इंचात सोळा आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर १.५८७५ मिलिमीटर. दहाच्या मेट्रिक नटात ते १.५. शिवाय एकाच्या आट्याचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. वाईट असं की हा बोल्ट त्या नटात जातो. बारीक असल्यामुळे मोकळाच जातो, पाना मारला की घट्टही वाटतो. अजिबात गेला नसता तर बरं झालं असतं. म्हणून मी आधी जुना बोल्ट मागतो, आटे बघायला.

दादाच्या बोटीवर नेमकं हेच झालं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. गिअरबॉक्स आणि पंख्याचा (प्रॉपेलरचा) शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगला तीन सुताचे बोल्ट. ते माझ्याकडून नेलेले आणि बरोबर होते. नट दुसऱ्या बंदरातल्या एका मेकॅनिकने लावले, त्याच्या डब्यातले. बोट पुढे चालते तेव्हा पंख्याचा रेटा कपलिंगला दाबून धरतो, बोल्टांवर ओढ फारशी येत नाही. त्यामुळे कित्येक फेऱ्या निभावल्या. मग एका रात्री निवतीसमोर जाळं पंख्यात जाईल म्हणून तांडेलाने, म्हणजे बोट हाकणाऱ्याने, घाईत रिव्हर्स टाकला. रिव्हर्समध्ये पंखा शाफ्टला मागे खेचतो. चारही नट आटे सोलून निघाले. शाफ्ट मागे सरकला, पंखा सुकाणूला जाऊन अडकला आणि शाफ्ट बाहेर जातो तिथे पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून पाणी आत यायला लागलं. पोरांनी डबे, घमेली, मिळेल त्याने पाणी उपसलं. शेजारच्या बोटीने ओढून आणेपर्यंत उजाडलं होतं. माणसं सगळी परत आली. पण एका खलाशाचा हात कपलिंगच्या तबकड्यांमध्ये (फ्लँजमध्ये) सापडला होता, त्याची दोन बोटं आजही वळत नाहीत. त्यानंतर तो समुद्रावर गेला नाही.

बोल्ट पिशवीत घालून माझ्याकडे आणले गेले. "बोल्ट तुझेच ना?" एवढंच विचारलं. नट कुणाचे, हे कुणीच विचारलं नाही. मी पिच गेज, म्हणजे आट्यांचं अंतर तपासायच्या दातेरी पातींचं हत्यार, लावून दाखवला. सोळाची पात बोल्टावर चपखल बसली, नटात दीडाची. नटाच्या पाच आट्यांत ०.४४ मिलिमीटरची चुकामूक, सगळा भार एखाद-दुसऱ्या आट्याच्या टोकावर. दादाने बघितलं आणि म्हणाला, "अर्ध्या मिलिमीटरान बोट बुडता काय रे?" मी गप्प बसलो. अजून ते बसणं मला खुपतं.

आयटीआयमधून बाहेर पडलो तेव्हा मी बाबांशी भांडायचो. देशात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ चा, आणि तुम्ही अजून सुतात कसे, इंचाला २५.४ ने गुणलं की झालं, असं म्हणायचो. त्या पोराला आज सांगावंसं वाटतं, गुणलंस तर ९.५२५ येईल, तो नट कुठल्या दुकानातून आणशील? बाबांचा लेथ इंची, आटे पाडताना हत्यार सरकवणाऱ्या लीड स्क्रूला इंचात चार आटे. त्याच्यावर अचूक मेट्रिक आटे पाडायला १२७ दात्यांचं चक्र लागतं, कारण १२७ म्हणजे पाच वेळा २५.४. बाबा ते चक्र वेगळं पुसून ठेवायचे. म्हणजे त्यांना दोन्ही कळत होतं. मला तेव्हा एकच कळत होतं. आणि हेही कबूल करतो की लाकूड बघितलं की माझ्या तोंडी आजही सूतच येतं.

यंदा दादाला म्हटलं, कपलिंगची भोकं वाढवून सगळंच मेट्रिक करून देतो. तो नको म्हणाला. जुन्या गिअरबॉक्सचे स्पेअर मिळतात ते इंचातलेच, उद्या रत्नागिरीला काही मोडलं तर काय करू, असं त्याचं म्हणणं. वर म्हणाला, "चूक सुताची नाय, सरमिसळीची." मग नट तपासून घे म्हटलं, तर रात्री हलत्या बोटीत तुझा पिच गेज कोण धरून बसतलो, असं ऐकवलं. याला माझ्याकडे उत्तर नाही. भोकं वाढवायचा हट्टही मी सोडलेला नाही.