टेसरॅक्ट आणि जत्रेचा जमाखर्च : नोंद तिसरी

मागच्या नोंदीत पानं स्कॅन करण्यापर्यंत आलो होतो. या आठवड्यात टेसरॅक्ट ५, म्हणजे पानाच्या चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणारा प्रोग्राम, संगणकावर टाकला आणि पहिलं पान वाचून घेतलं. नव्याने आलेल्यांसाठी सांगतो : आमच्या गावच्या जत्रेचा १९५६ सालचा छापील जमाखर्च आजोबांच्या ट्रंकेत सापडला. डावीकडे वर्गणीदारांची नावं, उजवीकडे रुपये-आणे-पै. दशमान नाणी १९५७च्या एप्रिलात आली, म्हणून सगळे आकडे ५-४-० अशा पद्धतीचे. आपल्या पणजोबांचं नाव कुणाला शोधावंसं वाटलं, तर ते सापडलं पाहिजे, यासाठी हे सगळं चाललंय.

टाकताना एका ठिकाणी बहुतेक जण अडखळतात, मीही अडखळलो. पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजं आणून देणाऱ्या साधनाने, पायटेसरॅक्ट घेतलं की झालं असं वाटतं, पण ते फक्त पायथनमधून हाक मारण्याची सोय आहे. खरं इंजिन वेगळं टाकावं लागतं आणि मराठीचा डेटा आणखी वेगळा. उबंटूवर त्यासाठी टेसरॅक्ट-ओसीआर आणि टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर अशी दोन पॅकेजं घ्या. दुसरं राहिलं तर डेटाची फाइल उघडत नाही, टेसडेटा-प्रिफिक्स तपासा, असा एरर येतो. टेसडेटा-प्रिफिक्स म्हणजे डेटा कुठल्या फोल्डरात आहे ते सांगणारी सेटिंग. एरर वाचून तो पत्ता बदलत बसू नका. बसवलेल्या भाषांची यादी मागा. त्यात एमएआर, म्हणजे मराठीची खूण, नसेल तर दुखणं तिथेच आहे.

चाचणीसाठी एक पान हाताने टाइप केलं, १,२५० अक्षरचिन्हांचं, आणि यंत्राचं वाचन त्याच्याशी ताडून पाहिलं. मोबाइलवर काढलेल्या फोटोत २१२ चुका. तेच पान सपाट स्कॅनरवर ३०० डीपीआयने घेतलं तर ९६. पॅकेजमधला डेटा वेगासाठी हलका केलेला असतो. त्याऐवजी ‘बेस्ट’ संचातली मराठीची फाइल उतरवून घातली आणि चुका ७१वर आल्या. वेळ बराच जास्त लागतो, पण ४० पानांसाठी थांबायला माझी हरकत नाही. पानाच्या मांडणीचा पर्याय, पीएसएम, मात्र सुरुवातीपासून ६ ठेवा. नेहमीच्या ३वर त्याने आधी सगळी नावं वाचली आणि मग सगळे आकडे, म्हणजे कुणी किती दिले तेच हरवलं. ६वर नाव आणि रक्कम एका ओळीत राहतात.

आता ज्यात माझी दोन रात्री गेल्या ते. ७१ चुकांची यादी काढली तर त्यात ‘गावकऱ्यांनी’ होता. माझ्या टाइपात ‘गावकऱ्यांनी’, यंत्राच्या वाचनातही ‘गावकऱ्यांनी’. स्क्रीन मोठा करून पाहिला, अक्षरात तसूभर फरक नाही. शेवटी एकेक कोड पॉइंट, म्हणजे संगणक प्रत्येक चिन्हासाठी ठेवतो तो क्रमांक, छापून घेतला तेव्हा उलगडलं. माझा कीबोर्ड अर्धा ऱ साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक अशा तीन चिन्हांनी लिहितो. टेसरॅक्टने नुक्त्याचा ऱ आणि हलन्त अशी दोनच दिली होती. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करण्याची युनिकोडची ठरलेली पद्धत, एनएफसी सामान्यीकरण, या दोन रूपांना एक करत नाही, ते बदलण्याची ओळ स्वतः लिहावी लागते. पानावर असे शब्द सात, प्रत्येकी दोन खोट्या चुका. त्या काढल्यावर उरल्या ५७, म्हणजे साधारण साडेचार टक्के. मराठीवर चाचणी करणाऱ्या प्रत्येकाने हे आधी तपासावं असं मला कळकळीने वाटतं. नाहीतर दऱ्या, पायऱ्या, शेतकऱ्यांसकट आपली भाषाच यंत्राला जमत नाही असा समज होतो, आणि चूक मोजमापाची असते.

उरलेल्या ५७ मध्ये ५ आणि ६ची अदलाबदल आहे, पुसट छपाईतले ‘घ’चे ‘ध’ झालेत. ते समजण्यासारखं आहे. पण १३ चुका अनुस्वाराच्या आहेत आणि त्या मला खटकतात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीचा हा मजकूर, त्यात ‘गांव’, ‘पांच’, ‘नांव’ असं छापलंय. टिंब कागदावर ठसठशीत आहे, तरी वाचनात ‘गाव’, ‘पाच’, ‘नाव’. आवृत्ती ४पासून टेसरॅक्ट एकेक अक्षर न ओळखता आख्खी ओळ न्यूरल नेटवर्कने वाचतं. ते आजच्या मराठीवर शिकलंय, त्यामुळे आजचंच लिहितं, असा माझा तर्क आहे. टेसरॅक्ट वाचताना शब्दांच्या ज्या दोन याद्यांचा आधार घेतं, त्या दोन्ही बंद करून पाहिल्या, तर १३पैकी ४ अनुस्वार परत आले. बाकीचे नाहीत. जुन्या कागदाचं लेखन यंत्राने सुधारलेलं मला नको आहे. १९५६ साली जुळाऱ्याने जो खिळा लावला, तोच आला पाहिजे.

म्हणून पुढचं काम ठरलंय : याच जमाखर्चातल्या ओळींची चित्रं कापायची, प्रत्येकीखाली जसाच्या तसा मजकूर टाइप करायचा आणि मराठीच्या ‘बेस्ट’ फाइलला त्यावर पुढचं शिक्षण द्यायचं. आजवर ६२ ओळी झाल्यात. कुणाकडे १९६२पूर्वीची छापील पानं असतील, तर त्यांचे ३०० डीपीआयचे स्कॅन मला हवे आहेत.